कोल्हापूर दर्शन : सुकाणू आपल्या हाती

सहल म्हटली की आपल्याकडे घरोघरी कामाची वाटणी ठरलेली असते. कुठं जायचं, गाडी कुठली, रस्ता कुठला, निघायचं किती वाजता, ही सगळी खाती पुरुषमंडळींकडे. दशम्या, चटणी, लाडूंचा डबा, मुलांचे जादा कपडे, सासूबाईंच्या गोळ्या, आणि निघताना गॅस बंद केला की नाही हे पाहणं, ही खाती आपल्याकडे. एकदा गावाला पोचलं की मग ड्रायव्हर म्हणेल ती पूर्व दिशा. त्यानं उतरवलं की उतरायचं, हॉर्न वाजवला की पदर सावरत धावत सुटायचं. देवापुढं हात जोडतानाही निम्मं लक्ष बाहेरच्या गाडीकडे! घरी आल्यावर शेजारच्या वहिनी विचारतात, "काय काय पाहिलंत?" तर आठवून आठवून सांगावं लागतं.

हे खातेवाटप आता बदलता येण्यासारखं आहे. सहल आखून देणारी सोय आपल्या हातातल्या फोनमध्येच आली आहे. ठिकाणं सांगा, दिवस सांगा, माणसं किती ते सांगा. तो दिवसाचा कार्यक्रम लिहून देतो, तोही मराठीत. तिकडे युरोपात तर याच्याही पुढची मजल गेली आहे. तिथं पाण्यावरच्या होड्या आपल्या आपण चालू लागल्या आहेत. नावाडी नाही, वल्हं नाही. बसायचं आणि शहर पाहायचं.

मग प्रश्न असा येतो, की यंत्र रस्ता दाखवणार, यंत्रच होडी हाकणार, तर आपण करायचं काय? नुसतं बसायचं? कोल्हापूरच्या सहलीचं उदाहरण घेऊन हे पडताळून पाहू या. कारण कोल्हापुरात देव आहे, गड आहे, तळं आहे, नदी आहे. आणि कोल्हापूरकरांना आपोआप चालणाऱ्या यंत्राची ओळखही जुनी आहे. ती कशी, ते पुढं सांगते.

फोनला काय चांगलं जमतं

बाहेरगावचा पाहुणा कोल्हापुरात साधारण आठ ठिकाणं पाहतो : अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, टाउन हॉलमधलं वस्तुसंग्रहालय, नवा राजवाडा, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा आणि नृसिंहवाडी. आता ही आठ ठिकाणं कुठल्या क्रमानं पाहायची? वाटतं, चार-दोन पर्याय असतील. पण गणित मांडलं तर आठ ठिकाणांचे क्रम होतात ४०,३२०! यांतला सोयीचा क्रम कोणता, हे शोधणं हे यंत्राचं काम. ते त्यानं चुटकीसरशी करावं आणि आपण खुशाल करू द्यावं.

फोन लगेच सांगतो की जोतिबा आणि पन्हाळा एकाच बाजूला आहेत, शहराच्या वायव्येला, तेव्हा ते एका दिवसात करा. नृसिंहवाडी उलट्या दिशेला, पूर्वेकडे, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं. ती त्याच दिवशी कोंबू नका. भवानी मंडप देवळापासून चार पावलांवर, त्याला रिक्षा नको. हे सगळं आधी कळलं की "ते फार लांब पडतं हो बाई" असं कुणी म्हटलं तर आपल्यालाही दोन शब्द बोलता येतात. माझ्या मते फोनचा पहिला फायदा हाच. पूर्वी ज्याला रस्ता ठाऊक, त्याच्या हाती सहल असायची. आता रस्ता सगळ्यांनाच ठाऊक झाला.

आणि काय ठाऊक नसतं

पण फोनला अंतर कळतं, गुडघे कळत नाहीत. जोतिबाला गाडीतळापासून देवळापर्यंत पायऱ्या उतरून जायचं असतं, आणि उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्याही असतात. फोनच्या हिशेबी ती पाच-दहा मिनिटं. सासूबाईंच्या हिशेबी तो अर्धा दिवस. चार वर्षांचं पोर दुपारी झोपलं नाही तर संध्याकाळी काय गोंधळ घालतं, हेही त्याला ठाऊक नसतं. मधुमेहाच्या माणसाला साडेबाराला दोन घास मिळालेच पाहिजेत, हे तर सांगितल्याशिवाय कळणारच नाही.

वारांचंही तसंच. मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, रविवार जोतिबाचा. त्या दिवशी रांग लांबणारच. नवरात्रात आणि चैत्री पौर्णिमेला तर विचारूच नका. वस्तुसंग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. काही गोष्टी अचानकही बदलतात. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. जुन्या माहितीवर विसंबलेला माणूस अशा वेळी कार्यक्रम पाहायला जाऊन दारातून परत फिरेल.

सगळ्यांत मोठी गंमत किरणोत्सवाची. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या आसपास, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा हा क्रम. अर्थात ढग आला किंवा वाटेत काही आड आलं तर किरणं अलीकडेच थांबतात. त्या काळात तुम्ही कोल्हापुरात असाल, आणि फोनला नुसतं "सूर्यास्त पाहायचा आहे" म्हणालात, तर तो तुम्हाला पन्हाळ्याला नाही तर रंकाळ्याला पाठवील. तिथून सूर्य सुंदर दिसतो यात वाद नाही. पण त्या वेळी कोल्हापूरकर सूर्याकडे पाठ करून देवीकडे पाहत असतो!

तेव्हा फोनला "कोल्हापूरची दोन दिवसांची सहल आखून दे" एवढंच सांगून भागत नाही. नव्या सुनेला घरची रीत सांगावी, तसं सगळं सांगावं लागतं. हे वाक्य वहीत उतरवून ठेवा :

"आम्ही सहाजण. एक आजी सत्तर वर्षांच्या, पायऱ्यांचा त्रास. एक मुलगा चार वर्षांचा, दुपारी झोपतो. साडेबाराला जेवण हवंच. स्वतःची गाडी नाही, एस.टी.नं येणार. दिवसाला चारपेक्षा जास्त ठिकाणं नकोत. संध्याकाळी पाच ते सात काहीही ठेवू नको."

एवढं सांगितलं की तोच फोन निराळी सहल आखतो. एस.टी.चं मुद्दाम सांगायचं, कारण पुष्कळदा तो प्रत्येकाच्या दारात मोटार उभी आहे असंच धरून चालतो. मार्च २०२३ मध्ये राज्यात एस.टी.च्या तिकिटात बायकांना निम्मी सवलत सुरू झाली. चौघी मैत्रिणींनी मिळून जायचं तर हा हिशेब मांडलाच पाहिजे.

आपली आपण चालणारी होडी

आता त्या होडीकडे वळू. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅम हे कालव्यांचं शहर. आपल्याकडे गल्ल्या, तसे तिथं कालवे. अमेरिकेतली एम.आय.टी. ही संस्था आणि ॲमस्टरडॅमची एक संशोधन संस्था यांनी मिळून तिथं एक विजेवर चालणारी होडी तयार केली. नाव 'रोबोट', म्हणजे 'रोबो' आणि 'बोट' यांचा संधीच. तिची पूर्ण आकाराची होडी ऑक्टोबर २०२१ मध्ये पाण्यावर आली. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद. पाच माणसं बसतील एवढी. तिच्यात माणसं न्यावीत, सामान न्यावं, नाही तर कालव्यातला कचरा गोळा करावा, अशी कल्पना.

ती चालते कशी? आपण कुठं आहोत हे ती आकाशातल्या उपग्रहांवरून ओळखते. समोर काय आहे हे कळायला ती भोवताली प्रकाशाचे बारीक किरण सोडते. किरण आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून पूल किती दूर, दुसरी होडी किती जवळ, हे तिला कळतं. वटवाघूळ अंधारात आवाज सोडून अंदाज घेतं ना, तसंच. फक्त आवाजाच्या जागी उजेड.

पुढं जून २०२३ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात अशीच एक मोठी प्रवासी नाव, नाव तिचं 'एस्टेल', दोन बेटांमध्ये फेऱ्या मारू लागली. आणि बरं का, आपली आपण चालणारी असूनही तिच्यावर लक्ष ठेवायला एक कप्तान ठेवलेला होता! आपल्या देशात कोचीला एप्रिल २०२३ मध्ये 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. त्या बोटी बॅटरीवर चालतात, धूर नाही की आवाज नाही. पण तिथंही बोट चालवायला माणूस आहे.

आता कोल्हापूरकरांची यंत्राची जुनी ओळख म्हणाले होते ती ही. भोगावती नदीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेलं हे धरण. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की हे दरवाजे आपोआप उघडतात. कुणी बटण दाबत नाही. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी बाहेर पडतं. दर पावसाळ्यात "राधानगरीचे दोन दरवाजे उघडले" ही बातमी आली, की कोल्हापुरातल्या बायका भांड्यांवरचा हात थांबवून ऐकतात. कारण भोगावतीचं पाणी पंचगंगेत येतं, आणि पंचगंगा चढली की कुणाच्या माहेरात तर कुणाच्या सासरात पाणी शिरतं.

म्हणजे दरवाजा आपोआप उघडला, तरी कुणी काही करायचं नाही असं होत नाही. उलट तिथूनच माणसाचं काम सुरू होतं : खालच्या गावांना कळवायचं, गुरं हलवायची, धान्याची पोती माळ्यावर चढवायची. यंत्र काम करतं, जबाबदारी घेत नाही. स्टॉकहोमच्या नावेवरचा कप्तान आणि नदीकाठची गृहिणी, दोघांचं काम एकच : डोळे उघडे ठेवणं.

अशी होडी उद्या रंकाळ्यात आली तर? आली तर मजाच! पूर्वेच्या चौपाटीवरून निघावं, १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस पाण्यातून पाहावा, पाण्यात उभ्या असलेल्या संध्यामठाला वळसा घालावा. पण रंकाळ्याला जलपर्णीचा आणि सांडपाण्याचा त्रास वर्षानुवर्षं झालेला आहे. जलपर्णी पंख्यात अडकली तर कितीही शहाणी होडी जागीच थांबायची. होडी शहाणी करण्याआधी तळं स्वच्छ ठेवायला हवं, आणि निर्माल्याची पिशवी तळ्यात टाकायची नाही एवढं तर आपल्या हातात आहेच. तोवर साधा नौकाविहार चालू असेल तेव्हा त्यात बसावं. तो कधी चालू असतो, कधी बंद. फोनवर न विसंबता काठावर विचारून घ्यावं.

पाण्याशी खेळ नाही

पाण्याचा विषय निघाला म्हणून एक कळकळीची गोष्ट. पंचगंगेची पातळी कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरला निघणार असाल तर हॉटेलचं भाडं पाहण्याआधी हा आकडा पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. २०२१ च्या त्या पावसात पन्हाळ्याला जाणारा रस्ताच खचला. अशा वेळी फोनचा नकाशा जवळची वाट म्हणून एखादा बंधारा दाखवील. पण पाण्याखाली गेलेला रस्ता नकाशात कोरडाच दिसतो! गावकरी "जाऊ नका" म्हणाले की गाडी वळवायची. त्यात कमीपणा नाही.

नृसिंहवाडीला तर कृष्णेचं पाणी मंदिरात येतं तेव्हा भाविक 'दक्षिणद्वार' सोहळा मानतात. त्यामागची श्रद्धा मोठी आहे. पण लेकरं बरोबर असतील तर नमस्कार लांबूनच करावा.

आणि होडीत बसताना दोनच गोष्टी पाहा : माणसं किती, आणि जॅकेटं किती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला, पुरातून सुटायला निघालेल्या गावकऱ्यांची होडी उलटली आणि माणसं गेली. होडीत जास्त माणसं झाली होती. त्या बिचाऱ्यांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याला मात्र असतो. हौसेच्या फेरीत "होईल हो वहिनी, सरका थोडं" असं कुणी म्हटलं, तर आपण उतरावं आणि पुढच्या फेरीला जावं. चार वर्षांच्या पोराच्या अंगाला बसेल असं जॅकेट नसेल, तर त्या पोरानं काठावर भेळ खावी. वाईट दिसेल म्हणून गप्प बसू नका. यंत्राची होडी असो की वल्ह्याची, ही मोजणी आपलीच.

दोन दिवस असे आखा

पहिला दिवस शहराचा. सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन, रांग वाढायच्या आत. देवळाची दगडी कोरीव बाहेरची भिंत उन्हं कोवळी असताना पाहावी. तिथून चालत भवानी मंडप. मग टाउन हॉलचं वस्तुसंग्रहालय. इथं एक छोटी काशाची मूर्ती चुकवू नका. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत ती सापडली. कुठला समुद्र, कुठलं कोल्हापूर! पण जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा माल या गावापर्यंत येत होता. मुलांना दाखवा आणि सांगा, की त्या वेळी रस्ता दाखवायला फक्त तारे आणि वारे होते.

साडेबाराला जेवण, मग तासभर आडवं व्हायचं. उन्हं उतरू लागली की नवा राजवाडा. १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला, आराखडा मेजर मँट यांचा. मधला घड्याळाचा मनोरा लांबूनच ओळखू येतो. पाचला रंकाळा. परतताना चप्पल लाईन आणि गुजरी. साज घ्यायचा नसला तरी पाहायला कोण पैसे मागतो?

दुसरा दिवस डोंगरावरचा. सकाळी जोतिबा, ऊन तापायच्या आत, म्हणजे आजींना पायऱ्या सोसतील. तिथून पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत पन्हाळा आहे. तीन दरवाजा आणि सज्जा कोठी पाहा; पण आपल्यासारखीला अंबरखाना विशेष आवडेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथल्या धान्यकोठारांची नावं. वर्षाचे गहू भरताना आपली तारांबळ उडते. अख्ख्या गडाचं धान्य भरणाऱ्यांचं काय होत असेल!

तिसरा दिवस हाताशी असला तरच नृसिंहवाडी आणि पुढं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. नसला तर खुशाल सोडून द्या. पुन्हा यायला निमित्त राहतं.

निघण्यापूर्वी हे करा

नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या. डोंगरात सगळीकडे रेंज मिळेलच असं नाही.

आखलेली सहल कागदावरही लिहा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. त्याच कागदावर घरच्यांचे दोन नंबर आणि राहण्याच्या जागेचा पत्ता लिहा. एक प्रत मुलाच्या खिशात.

राहण्याची खोली ठरवताना फोनवर नुसता शोधून मिळालेल्या नंबराला आगाऊ पैसे पाठवू नका. देवस्थानांच्या आणि हॉटेलांच्या नावानं फसवणारे पुष्कळ आहेत. खरा नंबर पाहून, बोलून, मगच पैसे.

आपण कुठं आहोत हे घरच्या एका माणसाला फोनवरून दिसत राहील अशी सोय असते, ती चालू करा. पण "आम्ही सगळे गावाला आलो" हे फोटोंसकट जगाला सांगायचं ते घरी परतल्यावर. रिकाम्या घराची दवंडी कशाला?

वेळा, सुट्टीचा वार, पाण्याची पातळी या तीन गोष्टी आदल्या दिवशी पुन्हा पाहा.

पाच ते सात

वरच्या वाक्यात "संध्याकाळी पाच ते सात काहीही ठेवू नको" असं लिहिलं होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. फोनला रिकामी जागा सोसत नाही. जरा वेळ मोकळा दिसला की तो त्यात एखादी बाग, एखादं दुकान भरतो. त्याला भरू देऊ नका. ते दोन तास तुमचे.

रंकाळ्याच्या काठावर बसा. "अहो, आज मुलांना भेळ तुम्ही खाऊ घाला," एवढं एकदा म्हणून पाहा. डबा उघडायचा नाही, पाणी कुणी मागितलं तर बाटली बोटानं दाखवायची. समोर सूर्य संध्यामठामागं कलतो, पाण्यावर तांबूस पट्टा लांबत येतो. ४०,३२० क्रमांचं गणित यंत्रानं केलं, ते याचसाठी की दोन तास आपल्याला उरावेत. ते वाचलेले तास पुन्हा कामाला जुंपायचे असतील तर यंत्र घेऊन उपयोग काय?

होड्या आपल्या आपण चालोत, फोन सहली आखोत. कुठं जायचं, कधी थांबायचं आणि कुणाला सांभाळून न्यायचं हे ठरवणारा हात मात्र माणसाचाच हवा. आणि घरातल्या प्रत्येकाचं दुखणंखुपणं जिला पाठ आहे, तिच्याइतका तो हात दुसऱ्या कुणाचा चांगला असणार?